वाडीवरची थाळी

बाबांनी त्या दोन गोणी टेंपोतून उतरवल्या तेव्हा आई ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलत होती. बिरड्याचे वाल सोलताना तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता, कारण बोटं सालांत आणि डोकं दुसरीकडे असताना तिच्या तोंडून जे निघायचं ते ऐकणाऱ्याला झेपायचं नाही. तिने गोणीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, “आनलंत का परत भंगार? आता आमी घरात राहावं का अंगनात, तेवढं सांगा.” बाबा हसले. बाबा वायरमन होते आणि जगातली कुठलीही वस्तू पूर्णपणे बिघडत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. माळ्यावर पंख्यांच्या मोटारी, मिक्सरची भांडी, कुणाच्या तरी फार्महाऊसच्या गेटची अर्धी मोटार, असलं सगळं त्या श्रद्धेपोटी साठलेलं होतं, आणि त्यांच्यावर मांजर व्यायचं.

गोणीत निघाल्या त्या थाळ्या. तसं त्यांचं खरं नाव अॅक्सेस पॉइंट, पण आमच्या घरात त्यांना शेवटपर्यंत थाळ्याच म्हणत, कारण छताला पालथी लावलेली पांढरी थाळी दिसावी तशा त्या दिसायच्या. खालापूरच्या बाजूला हायवेलगत एका मोठ्या कंपनीचं ऑफिस होतं, तिथल्या वायरिंगचं काम बाबा बघायचे. त्या ऑफिसात दर पंधरा पावलांवर छताला अशी एक थाळी होती आणि सगळ्या मजल्यांवर वायफाय तिच्यातून यायचं. मग कंपनीने नवीन बसवल्या आणि जुन्या काढून टाकल्या. जुन्या बिघडल्या होत्या म्हणून नव्हे. त्या बनवणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघणं बंद केलं होतं, आणि त्यांना हुकूम देणारं जे एक मुख्य यंत्र ऑफिसात असायचं, तेही काढून टाकलेलं. त्या यंत्राशिवाय थाळ्या लाल दिवा लावून नुसत्या वाट बघत बसायच्या. बाबांनी एक थाळी वीज देऊन दाखवली. लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. “बघ नीते,” बाबा मला म्हणाले, “जित्ती हाय. फकस्त मालक नाय तिला.”

आमचं घर पळसदरीला, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. घाट चढणाऱ्या मालगाड्यांना मागून जोडलेली इंजिनं रेटायला लागली की आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या आणि आई न बघताच हात लावून त्या थांबवायची. पाहुणे दचकायचे. आम्हाला त्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. नोकरीसाठी घर सोडल्यावर पहिले दोन महिने मी जागीच काढले, ते याच कारणाने. शनिवार-रविवारी धरणावर आणि धबधब्यांवर पोरांच्या झुंडी यायच्या, बाकीचे दिवस गाव आपलं आपलं असायचं. आजूबाजूला फार्महाऊस वाढले होते आणि त्या लोकांना शहर सोडूनसुद्धा इंटरनेट हवं असायचं, म्हणून फायबरची वायर आमच्या आळीपर्यंत आली होती. बाबा त्या सगळ्यांचे वायरमन, त्यामुळे आमच्याकडेही एक कनेक्शन आलं. मी तेव्हा कर्जतला बारावी सायन्सला होते. माझ्याकडे बाबांनीच भंगारातून जुळवलेला लॅपटॉप होता, ज्याचं एक बटण निघालेलं होतं आणि त्या जागी मी माचिसची काडी दाबून काम भागवायचे.

थाळ्यांचं औषध मला इंटरनेटवरच सापडलं. जगभरातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी मिळून, कुणाच्या मालकीचं नसलेलं एक फर्मवेअर लिहून ठेवलं होतं. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातली अक्कल. जुनी पुसायची आणि ही घालायची, की थाळीला मुख्य यंत्राची गरज उरत नाही, ती स्वतःची स्वतः चालते. सांगायला एवढंच. करायला मात्र थाळी उघडायची, आतल्या पट्टीवर चार बारीक टाचण्यांसारखे खांब असतात त्यांना वायर जोडायची, वीज द्यायची आणि ती जागी होत असताना दोन सेकंदांच्या आत लॅपटॉपचं बटण दाबून तिला अडवायचं. अडली तर ऐकते. नाही अडली तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या थाळीला मला आठ दिवस लागले. बाबा शेजारी सोल्डरिंगची गरम सळई धरून उकिडवे बसलेले, मी इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगतेय, आणि आई आतून ओरडतेय की भाकऱ्या वातड झाल्या, मग मला बोलायचं नाही. आठव्या दिवशी लाल दिवा गेला आणि हिरवा लागला. बाबांनी सळई खाली ठेवली, हात पायजम्याला पुसले आणि थाळीला नमस्कार केला. मी हसले त्यांना. आता वाटतं, हसायला नको होतं.

आंबी माझ्या वर्गात होती. आमच्या घराच्या मागे जो डोंगर दिसतो त्याच्या सोंडेवर ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथली ती. शाळेतलं नाव अंबिका, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून दुसरं कुणी आहे का बघायची. दीड तास उतरून ती खाली यायची, मग आमच्या घरी पाय धुवून, चप्पल बदलून आम्ही दोघी कर्जतला जायचो. पावसाळ्यात ओढा भरला की ती आमच्याकडेच राहायची. पहिल्यांदा आली तेव्हा आईने तिला चहा वेगळ्या पेल्यात दिला. आंबीला ते कळलं, मला कळलं आणि आईला कळलं की आम्हाला कळलंय.  दुसऱ्या खेपेला आंबी फडक्यात बांधून शेवळं, म्हणजे पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी, घेऊन आली, ती सोलून, चिरून, घशाला खाजू नयेत म्हणून काकडाची आंबट फळं घालून कशी शिजवायची ते तिने चुलीपाशी बसून आईला दाखवलं, आणि जेवायला बसलो तेव्हा आईने आपल्याच ताटातली भाकरी मोडून तिला दिली. तो वेगळा पेला नंतर मांजराला दूध घालायला गेला. माझी आई वाईट नव्हती, पण तिला चांगलं व्हायला शेवळं लागली, हे मी लपवणार नाही.

आंबीला नर्स व्हायचं होतं. आश्रमशाळेत असताना महिन्यातून एकदा एक सिस्टर यायच्या आणि त्यांचा ट्रे धरायला आंबी उभी राहायची. बाकी मुली पू-रक्त बघून तोंड फिरवायच्या, ही वाकून बघायची. वाडीवर कुणाला कोयता लागला, कुणाचा पाय चिघळला, तर लोक तिच्याकडे यायचे; ती उकळलेलं पाणी आणि स्वच्छ फडकं एवढ्यावर जे करायचं ते करायची आणि बाकीच्याला दटावून खाली दवाखान्यात धाडायची. एकदा बाबांच्या तळव्याला सळईचा चटका बसून फोड आला. आई हळद घेऊन धावली, तर आंबी तिला म्हणाली, “मावशी, हळद नको, गार पानी घाला. घालतच ऱ्हावा.” वीस मिनिटं तिने बाबांचा हात नळाखाली धरून ठेवला आणि या वेळात त्यांना त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगायला लावली, म्हणजे त्यांचं लक्ष हाताकडे जाऊ नये. बाबा मला रात्री जेवताना म्हणाले, “ही पोर डाक्टरीनच व्हायची.” आंबी म्हणाली, “डाक्टरीन नको काका. नर्सच. डाक्टर येतो नि जातो.”

वाडीवर मोबाइलला रेंज नव्हती. रेंज यायची ती वाडीखाली अर्ध्या तासावर असलेल्या एका मोठ्या खडकावर, त्याला सगळे धोंड म्हणत. कुणाला फोन करायचा असेल तर धोंडीवर उभं राहायचं. गोणीतल्या थाळ्यांपैकी चार बाहेर भिंतीला लावायच्या, उन्हापावसात टिकणाऱ्या होत्या, आणि त्या पाहून माझ्या डोक्यात आलं की एक आमच्या गच्चीवर लावायची, एक वाडीच्या समाजमंदिरावर, आणि इथलं इंटरनेट तिथे न्यायचं. बाबांनी ते ऐकलं आणि त्यांना मला कुठे ठेवू नि कुठे नको, असं झालं. आंबीच्या भावांनी लोखंडी पाइप खांद्यावरून वर नेला. समाजमंदिरावर सोलरचं पॅनल होतं, विजेची सोय झाली. दोन्ही थाळ्यांची तोंडं बरोब्बर एकमेकींकडे यायला हवी होती, आणि एवढ्या लांबून वाडी म्हणजे हिरव्यात एक करडा ठिपका. मग आंबीने वर समाजमंदिरावर चढून केस विंचरायचा आरसा उन्हात धरला. डोंगरावर लख्ख चमकलं. बाबा गच्चीवरून थाळी इंच इंच वळवत होते, मी लॅपटॉपवर सिग्नलचे आकडे बघून ओरडत होते, आणि वर ती दोन तास आरसा धरून उभी होती. जोडणी झाली तशी तिने व्हिडिओ कॉल केला, तो माझ्या आईला. पहिलं वाक्य, “मावशी, कालवन काय केलंस दाखव.” आईने सुकटीची कढई उचलून मोबाइलसमोर धरली. असा आनंद माझ्या आयुष्यात नंतर फार थोड्या वेळा आला.

बारावी झाली. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज आम्ही वाडीवरूनच भरला. कागद स्कॅन करून चढवायचे होते आणि थाळी नेमकी त्या दिवशी रेंगाळत होती. जातीचा एक दाखला चढायला अख्खी दुपार गेली. मला लाज वाटली. माझं यंत्र, माझी जोडणी, आणि तिच्यासाठी वेळेला ती चालत नाही म्हणजे काय! आंबी म्हणाली, चढला ना शेवटी, मग झालं. पण मला ते लागून राहिलं.

गौरी-गणपती होऊन गेल्यावर यादी लागली. आंबीला पहिल्या पसंतीचं सरकारी कॉलेज मिळालं. मी ती बातमी गच्चीवरून व्हिडिओवर सांगितली तेव्हा तिच्यामागे निम्मी वाडी उभी होती आणि ती एकटी ओठ आवळून उभी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पासवर्ड फक्त तिलाच ठाऊक असलेल्या तिच्या खात्यात जाऊन ‘सीट मान्य आहे’ एवढं दाबायचं होतं. कागद नंतर कॉलेजात न्यायचे होते. ती सूचना मीच तिला मोठ्याने वाचून दाखवली. पाचनंतर सीट पुढच्याला जाणार आणि ज्याने पहिली पसंती सोडली तो त्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांतून बाहेर, हेही मीच वाचलं. त्या घटकेला साइटवर एवढी गर्दी होती की खात्याचं पान उघडेना. आंबी म्हणाली, “मग मी उद्या सकाळी खालीच येते तुज्याकडं.” तिच्या आईला दोन दिवस ताप होता. मी म्हणाले, “कशाला गं? मावशीला टाकून येऊ नको. समाजमंदिरात बस, वरूनच दाब. मी हाय ना.”

मी हाय ना. हे तीन शब्द मी त्यानंतर कुणाला म्हटलेले नाहीत.

सकाळी बाबा कामावर गेले. आई नदीच्या कडेला भाजीच्या वाफ्यात होती. अकराच्या सुमाराला मी लॅपटॉप उघडला आणि बघते तर फर्मवेअरची नवी आवृत्ती आलेली. लांबच्या जोडणीचा वेग वाढवला आहे, असं त्यात लिहिलेलं. माझ्या मनात दाखल्याची ती दुपार होतीच. हे काम करणाऱ्यांचा एक साधा नियम असतो: जिथे हात पोहोचत नाही ते यंत्र लांबून बदलायचं नाही. मला तो माहीत होता, मी तो बाबांना शिकवला होता. पण आधी दोन वेळा मी वरची थाळी खालूनच बदलली होती आणि काही झालं नव्हतं. मी फाइल उतरवून घेतली आणि वर पाठवली. यंत्राने विचारलं, ही फाइल या यंत्रासाठीची दिसत नाही, तरीही जबरदस्तीने घालायची का? आधीच्या दोन वेळांनाही असंच काहीतरी विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. या वेळीही म्हटलं. फाइलच्या नावातलं शेवटचं अक्षर वेगळं होतं. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या थाळीची ती फाइल होती. गच्चीवरच्या थाळीचा जोडणीचा दिवा विझला. मी पाच मिनिटं थांबले, दहा थांबले, अर्धा तास थांबले. दिवा लागला नाही.

दुपारी बाराला मी लॅपटॉप, वायर आणि पाना-पेचकस पाठीवर टाकून निघाले. पाऊस भुरभुरत होता, वाट निसरडी, तेरड्याची गुलाबी फुलं दोन्ही अंगांना. दीडच्या सुमाराला मी धोंडीपाशी पोहोचले तेव्हा खिशातला मोबाइल वाजला, कसला तरी जाहिरातीचा मेसेज. तिथे रेंज होती. दोन काड्या होत्या. मी ते बघितलं आणि चालत राहिले. या एका गोष्टीवर मी इतके दिवस विचार केलाय की आता ती धोंड मला स्वतःच्या घराच्या उंबऱ्यापेक्षा जास्त ओळखीची आहे.

समाजमंदिरात आंबी धुतलेला पंजाबी ड्रेस घालून, केसांना तेल लावून, मोबाइल मांडीवर ठेवून बसली होती. सकाळी नऊपासून; आधी साइटवरची गर्दी ओसरेना आणि मग नेटच गेलं. मी म्हटलं, “नेट बंद पडलं तर धोंडीवर जायचं ना गं!” तर म्हणाली, “तू म्हनालीस ना, हितंच बस. मला वाटलं तू काय तरी करत आसशील, नि मी तिकडं जायची नि हितं चालू व्हायचं.” मग तिने विचारलं, “जाऊ का आता धोंडीवर?” दोन वाजले होते. तीन तास होते. मी थाळी पाइपवरून उतरवत म्हणाले, “थांब गं, दहा मिन्टं. तिथं नेट नीट चालत नाय, पान उघडनार नाय. मी करते.”

मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच दहा मिनिटं वाटत होती. ज्याने असं काम केलंय त्यालाच ही दहा मिनिटं ठाऊक असतात. ती कधी संपत नाहीत, नेहमी पुढची दहा मिनिटंच शेवटची वाटतात. थाळी उघडली, वायर जोडली. दोन सेकंदांत अडवता येईना, काडीचं बटण ऐन वेळी सटकायचं. अडली तेव्हा लॅपटॉप फाइल पाठवेना. पाठवली तेव्हा लक्षात आलं की मी तीच चुकीची फाइल पुन्हा पाठवतेय. बरोबर फाइल लॅपटॉपमध्ये कुठेतरी जुनी पडलेली होती, ती शोधली. पोरं भोवती गोळा झालेली, कुणीतरी माझ्यावर छत्री धरलेली. आंबी मध्ये मध्ये विचारत होती. तीनच्या पुढे एकदा म्हणाली, “नीते, मी जाऊन बघू का धोंडीवर?” मी मान वर न करता म्हणाले, “झालंच आता.” साडेतीनला म्हणाली, “तू कर तुजं. मी पळत जाते नि येते.” मी चिडले. चिडून म्हणाले, “माझ्यावर भरवसा नाय का तुझा?”

 चारला फाइल जायला लागली. सव्वाचारला ती अक्कल आत लिहिली जात होती आणि मधे वीज गेली तर सगळं मुसळ केरात, म्हणून मी पॅनलची वायर हाताने दाबून धरली होती. तेव्हा आंबी अगदी हळू म्हणाली, “आता जाऊ गं? अर्धा घंटा लागंल पोचाया.” मी म्हटलं, “थांब, लिहितंय. आता हलू नको.” हलायचं नव्हतं ते मला, तिला नव्हे. पण तीही हलली नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी हिरवा दिवा लागला. पोरं “आलं आलं” करून नाचली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर एक क्षणभर मीसुद्धा हसले. मेलेलं यंत्र उठवल्याचा तो आनंद माझ्या अंगात आधी आला आणि बाकीचं मागून आलं. आंबीच्या हातातला मोबाइल वाजायला लागला. दिवसभर अडकून राहिलेले ईमेल एकामागून एक आले. आज पाचपर्यंत सीट मान्य करा. शेवटचे दोन तास. शेवटचा एक तास. पान मात्र भरभर उघडलं, त्याला आता काहीच अडचण नव्हती. त्यावर लिहिलं होतं, मुदत संपली आहे.

ती रडली नाही. तिने ते दोनदा वाचलं, मोबाइल ओढणीला पुसला आणि जमिनीवर बसून थाळीचे स्क्रू वेचायला लागली. ते बारीक असतात, चिखलात हरवले की मिळत नाहीत. सगळे वेचून तिने माझ्या तळहातावर ठेवले. मग घरी नेऊन मला कोरा चहा दिला, आणि आईचा ताप बघून धोंडीपर्यंत मला सोडायला आली. वाटेत मी रडत होते आणि ती मला सांगत होती, पाय संभाळून टाक, हितं शेवाळ हाय.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं, मागे ओढलं. मग विचारलं, “मंग पोरीला खाली आनायला काय झालं व्हतं तुला?”  

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर न जाता आम्हा दोघींना घेऊन चौकशीच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई भल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंखा आमच्याकडे वळवला आणि सांगितलं की आता काही करता येत नाही, पुढच्या वर्षी भरा. बाबा हात जोडून उभे होते. पुढच्या वर्षी आंबीच्या आईचं आजारपण वाढलेलं होतं, धाकटे भाऊ शाळेत होते. मी अर्ज घेऊन वर गेले. ती म्हणाली, बघू. त्या ‘बघू’त मला सगळं कळलं.

वाडीवरची थाळी मात्र छान चालली. पोरांचे अभ्यास झाले, म्हाताऱ्यांचे दाखले निघाले, एका सुनेच्या अडलेल्या बाळंतपणात गाडी वेळेवर बोलावता आली. दोन वर्षांनी एक वार्ताहर आला आणि पेपरात माझा फोटो छापून आला, कंपन्यांनी टाकून दिलेल्या यंत्रांतून वाडीला इंटरनेट देणारी मुलगी म्हणून. त्या फोटोत माझ्या बाजूला आंबी उभी आहे, तिचं नाव खाली नाही. त्या कात्रणावर मला पहिली नोकरी लागली, मग दुसरी. माझं जे काही बरं झालं त्याच्या बुडाशी ती थाळी आहे, आणि मुलाखतींत ती गोष्ट मी किती वेळा हसतमुखाने सांगितली याचा हिशेब नाही. त्या दुपारचं मी कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय, तेही चष्मा चारदा काढून पुसावा लागतोय.

बाबा शेवटचे आजारी पडले तेव्हा त्यांना कर्जतच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी गेले तेव्हा त्यांच्या उशाशी निळा गाऊन घातलेली आया त्यांचं अंग पुसत होती. आंबी. ती तिथे कामाला आहे हे आई कधी बोलली नव्हती, आणि मी विचारलंही नव्हतं. तिने बाबांची कूस अशी बदलली की त्यांना कळलंही नाही, पाठीला पावडर लावली, आणि त्यांना ओळखू येत नव्हतं तरी त्यांच्या लग्नाची गोष्ट त्यांना विचारत राहिली. दुपारी ती जिन्यात डबा खात बसली होती, तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी म्हणाले, “आंबे, त्या दिवशी मी तुला जाऊ द्यायला पायजे व्हतं.”

तिने घास संपवला. “तुजं काय चुकलं गं,” ती म्हणाली. “तू तर माज्यासाठीच करत व्हतीस. मीच येडी. इचारत बसले. इचारायचं नव्हतं, उठून पळत सुटायचं व्हतं. मीच नाय गेले.”

इतकी वर्षं तिने तो दोष स्वतःकडे ठेवला होता. मला वाटत होतं तो माझ्याकडे आहे. मी तिचा हात धरला आणि सांगायला लागले की तसं नाही, तुझं काहीच नव्हतं त्यात, मी तुला थांबवलं, मी तुझ्यावर चिडले, पण वरून एका पोरसवदा नर्सने हाक मारली, “अहो मावशी, किती वेळ जेवताय? सात नंबरचे कपडे बदला.”

“आले सिस्टर,” आंबी म्हणाली, डबा झाकला आणि माझा हात सोडवून वर गेली.